बोथट घड्याळ

३ जून
दुकानात हाडं कापायची मशीन आली. पातं असं, की बोट गेलं तर बोटालाच उशिरा कळेल. सासूबाई म्हणाल्या, जिचा हात चटकन मागे येतो ती मशीनवर, दुसरी गल्ल्यावर. म्हणजे मीच मशीनवर. लग्न होऊन आल्यापासून सत्तूर मी चालवतेय. जाऊ पिशव्या बांधते.
लेकीनं कॉम्प्युटरवर खेळ लावलाय. चौकोन लाल झाला की बटण दाबायचं, ब्राउझर वेळ सांगतो. उद्या दोघींची टेस्ट. सराव करणार नाही. गरज काय?

४ जून
बरोबरी. तिलाही सेकंदाचे तीन दशांश, मलाही तेवढेच. तीनदा! माउस भिंतीवर फेकला. भिंतीचा पोपडा गेला.

५ जून
नवा माउस. परत बरोबरी.
लेक म्हणते, ब्राउझर मुद्दामच घड्याळ बोथट ठेवतो. बारीक वेळ मोजू दिली तर इंटरनेटवरचं एक पान नुसत्या वेळेवरून दुसऱ्या पानाची गुपितं ओळखतं. "तू नाही का आई, स्वयंपाकघराच्या पार्टिशनपलीकडच्या खटखटीवरून ओळखतेस, काकू कुठली भाजी चिरतेय ते?"
म्हटलं, थोबाड फोडीन. मी कान लावत नाही. पार्टिशनच पातळ आहे.
खाटकाच्या घरात बोथट घड्याळ! माझे शंभरावे भाग गिळतंय मेलं.

७ जून, सकाळ
आजपासून चिडायचं नाही.

७ जून, दुपार
जाऊ म्हणाली, "जाऊ दे ना वहिनी, आळीपाळीनं चालवू." दया दाखवते मला! कलेजी फेकून मारली. सासूबाईंच्या चष्म्यावर बसली. माझा नेम चुकला नाही, त्या मधे आल्या.

८ जून
लेकीला गाठलं. हातात सत्तूर होता, पण धमकी नव्हती, कामात होते. ती म्हणाली, खेळाच्या पानात जाहिराती आहेत, परक्यांचं काय काय घुसलंय. ते सगळं काढून पान एकटं पाडलं, कडक सेफ्टी थोडी सैल केली, तर ब्राउझर धारदार घड्याळ देतो.
म्हटलं, हाकल एकेकाला.

१० जून
टेस्ट झाली. सेकंदाच्या हजार भागांतले तिला तीनशे चार, मला तीनशे पंचेचाळीस. मी ओरडले, जिंकले! माझे जास्त!
लेक म्हणाली, "आई, कमीवाला जिंकतो."
सत्तूर घातला स्क्रीनवर. दुसरा हात स्क्रीन धरायला होता, तो वेळेत निघाला नाही. रक्त टेबलावर पडायच्या आत जावेनं अंगठा फडक्यात दाबून धरला होता. एवढ्या लांबून ती कधी आली, कळलंच नाही.

११ जून
अंगठ्याला टाके. पट्टी जाड आहे म्हणून गल्ल्यावर बसलेय, तात्पुरती. पलीकडे मशीन घरघरतेय. आत्ता खांदा कापतेय ती. आता नळी. हात बरा आहे तिचा, नवशिकीच्या मानानं.
लेकीला बजावलंय, नवा कॉम्प्युटर आला की घड्याळ होतं तसं बोथट करून ठेव. घरात सेफ्टी नको का?