तुरीतला निळा शर्ट

जळगाव जामोद
३ नोव्हेंबर २०२५

चि. रेणुकास,
सप्रेम जय भीम.

तू पाठवलेला फोटो मिळाला. विद्यार्थ्यांच्या छायाचित्र स्पर्धेत 'भीतीदायक' विभागात पहिली आलीस, आनंद झाला. एका खोलीच्या घरात फोनवर काही बोललं की आईला ऐकू जातं, म्हणून हे पत्र.

दिवाळीत घरी आलीस तेव्हा संध्याकाळी शेतात जाऊन तू हा फोटो काढलास. तुरीत बुजगावणं उभं आहे, अंगात बाबांचा निळ्या चौकटीचा शर्ट. बाबा गेल्यावर आईनेच तो त्याला घातला होता. बाबांच्या वासाला पिकात शिरणारे रोही बिचकतात, असं ती म्हणायची. पण रेणुका, तू यायच्या आधीच रोह्यांनी बुजगावणं पाडून मोडलं होतं. बांबू मी माझ्या हाताने गोठ्याच्या छपरावर टाकले. आज शिडी लावून पुन्हा पाहिले. तिथेच आहेत. शर्ट मात्र तेव्हा सापडला नव्हता.

मग फोटोत कोण उभं आहे? डावा खांदा उतरलेला आहे, फवारणीचा पंप वाहून बाबांचा उतरला होता तसाच. आपल्या घरात भूतखेत मानत नाहीत. मीही मानत नाही. तरी फोटो आल्यापासून त्या बाजूला पाणी द्यायला गेलेलो नाही.

रविवारी, १६ तारखेला, प्रदर्शन आहे आणि तू आईला बोलावलं आहेस. बाबा गेल्यावर ती कित्येक दिवस कोणाशी बोलली नव्हती, हे तू विसरली नसशील. तिला हे दिसलं तर काय होईल? फोटो मागे घे, ही विनंती.

राग धरू नकोस. माया होती तेवढीच राहू दे.

तुझा दादा,
प्रसेनजित


खामगाव
७ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र वाचून आधी हसूच आलं. खोलीतली रुपाली म्हणे, तुझा भाऊ पेपर लिहिल्यासारखं पत्र लिहितो, एक खाडाखोड नाही. मी तिला सांगितलं की तो घराला कुलूप लावून अर्ध्या वाटेवरून परत येतो, लागलं का पाहायला. एवढा काऊन भेतो रे तू?

मग मी तो फोटो कॉलेजच्या संगणकावर मोठा करून पाहिला. दादा, बाहीच्या टोकाला बोटं आहेत. बांबूला बोटं नसतात. रुपालीने आमच्या भिंतीवरचा फोटो काढून पेटीत ठेवायला लावला. आता मीही हसत नाही.

तरी मागे घ्यायला मन होत नाही. आपल्या घरात कोणाचं नाव कधी मंचावरून पुकारलं गेलं नाही, आईने एकदा तरी ते ऐकावं असं वाटतं. पण तिला त्रास होणार असेल तर मला ते बक्षीस नको. तू एकदा शेतात जा, रोही डोंगरातून उतरतात त्या वेळेला. भेऊ नको असं मी म्हणत नाही. भे, पण जा.

तुझी काळजी माझ्या वाट्याला अशीच येत राहो.

तुझी,
रेणुका


जळगाव जामोद
११ नोव्हेंबर २०२५

चि. रेणुकास,
सप्रेम जय भीम.

जाऊन आलो. दिवस बुडत होता. तुरीत निळा शर्ट उभा होता, हात पसरलेले. मी बांधावरच बसलो. तेवढ्यात ती आकृती खोकली आणि तिने मला विचारलं, की बकऱ्या बांधल्या का.

आई होती. बुजगावणं मोडल्यापासून ती रोज संध्याकाळी बाबांचा शर्ट घालून शेतात उभी राहते. म्हणे, लाकडाले रोही ओयखून राह्यले, माणसाले भेतात. मला का सांगितलं नाही विचारलं, तर म्हणे, सांगतलं असतं तर तू मले घरी बसवलं असतं, अन् त्या शर्टात उभं राह्यलं की मले बरं वाटते. तू मोबाइल घेऊन आलीस तेही तिने पाहिलं होतं. फोटो बिघडू नये म्हणून जागची हलली नाही, एवढंच म्हणाली.

फोटो कोणता आहे ते मी तिला सांगितलेलं नाही. तो दुसऱ्या, 'मुक्त सर्जनशील' विभागात घेतात का विचार. आपली आई भीतीदायक नाही. रविवारी सकाळी तिला बसमध्ये बसवून देतो. मी राखणीला थांबेन.

आठवण असू दे.

तुझा दादा,
प्रसेनजित


खामगाव
१७ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
सप्रेम जय भीम.

विभाग बदलून दिला. पहिला नंबर गेला, त्याचं काही नाही. फोटोखाली मी 'आई' अशी पाटी लावली आणि तिला पुढे नेऊन उभं केलं.

ती खूप वेळ पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, की हे मी नोहो. म्हणे, मी तं विहिरीपाशी उभी होती, तुह्या पाठीमांगं. शर्ट माह्या अंगात होता.

दादा, मी डोंगराकडे तोंड करून फोटो काढला होता. फोटोत त्या माणसामागे डोंगरच आहे. विहीर माझ्या पाठीमागे होती. हे मला तिथे उभ्या उभ्या आठवलं.

आई मात्र घाबरली नाही. तिने त्या उतरलेल्या खांद्यावर बोट ठेवलं. म्हणे, पाह्य, त्यायनंबी अंग हलू देल्लं नाही. पोरीचा फोटो बिघडला असता.

पाटी बदलू का विचारलं, तर नको म्हणाली. चार दिवस माझ्याजवळच राहते म्हणते. मी शेताच्या राखणीचं काढलं, तेव्हा तिने तुला निरोप द्यायला सांगितला, की काळजी करू नको, तू एकटा नाही, तिथं दोघं जन हायेत.

तुम्हा सगळ्यांची माया अशीच मिळत राहो.

तुझी,
रेणुका