ग्लासवूलची खाज

१२ जानेवारी
चि. ठकू, अनेक आशीर्वाद. वि. वि. नव्या कामावर गरम पाण्याच्या पाइपांना ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंचा कापूस, गुंडाळतोय. दीड महिना अंगभर खाज. पाठ दाराच्या चौकटीवर घासतो. तुझी आई म्हणते, घरात म्हैस पाळलीय. चार वर्षांपूर्वी तू सोनोग्राफीच्या पडद्यावर दाखवलेली माझी करामत अजून सगळ्यांना सांगतो: यकृताकडे जाणारी मोठी शीर गुठळीनं बंद, तर शरीरानं शेजारून बारक्या शिरांचं जाळं काढलं. प्लंबिंग अंगातच आहे माझ्या! लोभ आहेच, पत्रांचं तेवढं वाढव.
बाबा

२० जानेवारी
ती. बाबा, सा. न. वि. वि. ग्लासवूलचे तंतू कातडीत रुततात. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे घाला. कामाचे कपडे वेगळे धुवा. आईला सांगा, म्हैस इतकी लांब पत्रं लिहीत नाही. मला रोज पंधरा पेशंट असतात, म्हणून एवढंच. लोभ आहे, तो कळवण्याची सवय नाही.
ठकू

२ मार्च
चि. ठकूस आशीर्वाद. काम संपून तीन आठवडे झाले, खाज तशीच. मग डोळे पिवळे झाले. डॉक्टर म्हणाले, त्याच बारक्या शिरा फुगून पित्तनळीला आवळून बसल्यात. तुंबलेल्या पित्ताची ही खाज. आत प्लास्टिकची नळी घातलीय. म्हणजे मीच शेजाऱ्याच्या लाइनीवर पाइप टाकले! मनाला लावून घेऊ नकोस. ग्लासवूल मीच म्हणालो होतो.
बाबा

९ मार्च
ती. बाबा, सा. न. तुम्ही प्लंबर. मी रोज पित्तनळ्या मोजते. ग्लासवूल हातांना, मानेला लागतं. शर्टाखालच्या पाठीला नाही. तुम्ही 'अंगभर' लिहिलं होतं आणि मी ते वाचलं होतं. तुमचा आजार मला माहीत होता. चूक माझी आहे. शुक्रवारी येते. तोवर माझ्यावरचा लोभ कमी करू नका.
ठकू

१५ मार्च
ती. आत्या, सा. न. दादा शेवटी काय बोलला, असं तू विचारलंस. नळी बुजली, पित्तात जंतू झाले, ताप चढला. गुरुवारी पहाटे बाबा गेले. मी शुक्रवारी पोचले.

माझं पत्र बुधवारी आईनं त्यांना दवाखान्यात वाचून दाखवायला घेतलं. दोन ओळींवरच त्यांनी थांबवलं. म्हणाले, पुढचं ती आल्यावर बोलू. पोरगी प्रवासानं दमेल, घरी तिची गादी घालून ठेव.

आईनं घातली. मी खुर्चीत झोपते.

तुझा लोभ असू दे, आत्या. सध्या मला तो लागेल.
ठकू