मिड्स कमी असलेला इअरफोन

१ एप्रिल २०२५, मंगळवार
आजपासून रोजनिशी. विषय एकच, इअरफोन. अमरावतीच्या राजापेठेत फिजिक्सचा क्लास चालवणाऱ्या माणसाने ध्वनीचा चॅप्टर शिकवावा आणि स्वतः मोबाइलसोबत फुकट मिळालेली वायर कानात घालून फिरावं, हे शोभत नाही.
बायको, प्राजक्ता, म्हणे, एकाएकी काहून? म्हटलं अभ्यास. ती हसली. अकोल्याच्या माणसांना अभ्यास म्हटलं की हसू येतं.
संकल्प: महिनाअखेरपर्यंत स्वतःच्या आवडीचा, स्वतःच्या कानाचा एकच इअरफोन निवडायचा. कानात खोचायचा प्रकार. डोक्यावरच्या पट्ट्याचा नको, त्यात मी हेलिकॉप्टर चालवून राहिलो असं क्लासचे पोट्टे म्हणतात.
टीप: वकारच्या ऑटोशी याचा काही संबंध नाही.

२ एप्रिल
पुढे गोंधळ नको म्हणून वकारचं लिहून ठेवतो.
वकार कुकर, मिक्सर, शेगड्या दुरुस्त करतो. ऑटोवर भोंगा, रेकॉर्ड केलेलं तेच तेच वाजवणारा. सकाळी आठला आमच्या गल्लीत. भोंग्यातला आवाज बाबांचा. बाबा म्हणजे वामनराव गुरुजी, जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, वकार त्यांचाच विद्यार्थी. मागच्या उन्हाळ्यात तो घरी आला, म्हणे सर, माया आवाज फाटका हाय, तुमी बोलून द्या. बाबांनी हॉलमध्ये बसून भोंग्यात बोलून दिलं. दिवाळीच्या आधी बाबा गेले. भोंगा चालू आहे.
मजकूर असा: "माता-भगिनींनो, कुकरची शिट्टी होत नसल्यास, शेगडीची ज्योत मंदावली असल्यास, चिंता करू नये. जीवन, कूलर बंद कर, किती वेळा सांगायचं. वकार आपल्या दारी आलेला आहे."
जीवन म्हणजे मी. ते वाक्य मधेच भरलं गेलं. बाबा म्हणाले पुन्हा करू. वकार म्हणाला राहू द्या सर, झकास आलं. तेव्हापासून अख्खी राजापेठ मला कूलर बंद करायला सांगते.
त्रास? अजिबात नाही. गेलेल्या माणसाचा आवाज म्हणजे हवेतल्या लहरी. आज आठ वाजता कूलर बंद केला खरा, पण तो गारठा वाटला म्हणून.
प्राजक्ता म्हणे, बेचाळीस डिग्रीत?

४ एप्रिल, शुक्रवार
ऑनलाइन मागवलेला इअरफोन आला. त्याआधी भरपूर वाचन केलं. आवाजाचे तीन भाग. खाली बेस, म्हणजे ढोल. वर ट्रेबल, म्हणजे झांजा. मधे मिड्स. माणसाचा आवाज मिड्समध्ये असतो. प्रत्येकाने आपली पसंती ओळखावी असं सगळे लिहितात. माझी पसंती मला दोन मिनिटांत कळली: मिड्स कमी.
हा बेसवाला आहे. आठला लावून बसलो. दाढ हलली. तरीसुद्धा ढोलाच्या मधून स्पष्ट आलं, "आलेला आहे."
मग आठवलं, आज शुक्रवार. शुक्रवारी वकारची सुट्टी. प्राजक्ताला विचारलं, ऑटो आला होता का? नाही म्हणाली. माझ्याकडे जरा बघत राहिली.
म्हणजे इअरफोन डिफेक्टिव्ह. रिटर्न टाकला. कारण विचारलं होतं. 'इतर' निवडलं.

७ एप्रिल
आईचा कुकर पुन्हा बिघडला. मागच्या आठवड्यात रबर, त्याच्या आधी शिट्टी, आता दांडी. आठच्या आधीच कुकर घेऊन गेटवर उभी. वकार गेटसमोर बसून दुरुस्त करतो तोवर भोंगा सुरूच. म्हटलं आई, निदान तेवढा वेळ बंद करायला सांग. आई म्हणाली, राहू दे ना, धंदा हाय त्याचा. म्हटलं नवाच कुकर आणून टाकतो. नको नको म्हणाली, फार घाईने.
कंपन्या बोगस झाल्या. जुना माल राहिला नाही.

८ एप्रिल
क्लासमध्ये डॉप्लर इफेक्ट. जवळ येणारा आवाज चढतो, दूर जाणारा उतरतो, एवढं बोललो आणि खालून ऑटो. "जीवन, कूलर बंद कर." मग मागच्या बाकावरून एकजण म्हणे, सर, मी करू का?
चिडलो नाही. शिक्षकाने प्रसंगाचं सोनं करावं. म्हटलं ऐका, हेच डॉप्लर. ऐका आता, जातो आहे. सगळ्यांनी ऐकलं. आवाज पार राजकमल चौकाकडे जाईपर्यंत ऐकलं. ऑटोच्या स्पीडला डॉप्लर कानाला कळत नाही हे मला माहीत आहे. पण उतरला. मला तर उतरलेला वाटला.
दहा मिनिटं लवकर सोडलं.

१० एप्रिल
नॉइज कॅन्सलिंगवाला आला. आता खेळ खल्लास. बटण दाबलं की बाहेरचा गोंगाट हा इअरफोनच खाऊन टाकतो.
आठ वाजता लावला. कूलरची घरघर गेली. रस्त्यावरच्या गाड्या गेल्या. शेजारच्या बोअरचा पंप गेला. जगात काहीच उरलं नाही. आणि त्या काहीच नसण्यात बाबा आले. एकटे. धुऊनपुसून, स्टुडिओत बसवल्यासारखे. हे यंत्र घरघर खातं, माणूस खात नाही. बॉक्सवर बारीक अक्षरांत तसं लिहिलंसुद्धा आहे.
आज एक नवीन ऐकू आलं. "चिंता करू नये"च्या आधी बाबा थांबतात. दम घेतात. छोटा, आत ओढलेला. आधी कधी ऐकू आला नव्हता. म्हणजे मागच्या उन्हाळ्यातच त्यांना दम लागत होता. मी तिथेच होतो. कूलरसमोर.
रिटर्न. 'उत्पादन गरजेपेक्षा चांगलं चालतं' असा पर्याय त्यात नाही.

१३ एप्रिल, रविवार, अकोला
सासुरवाडी. बडनेऱ्याहून गाडीने आलो. इथे एक दुकान आहे, कानात घालून बघू देतात. दुकानदार म्हणे, आवाज कसा आवडते भाऊ? म्हटलं सगळं चालेल, माणसाचा नको. तो म्हणे, मंग गाण्यात गाणारा नको का? म्हटलं त्याच्याशिवाय जमत असेल तर बघा. त्याने बायकोला हाक मारली आणि हे तिला परत सांगायला लावलं.
शेवटी वायरवाला एक दिला. टोकाला फोमचे बोंडूक. दाबून कानात घालायचे, आत फुगतात, कान सीलबंद. घातले. दुकानदाराचं तोंड हलत होतं. आवाज शून्य. डोळ्यांत पाणी आलं. फोम जरा आत गेला होता.
संध्याकाळी सासरी तेच घालून बसलो. प्राजक्ता खुणेने म्हणाली, चहा? मी म्हटलं, "नको, पित्त होतं."
आणि दचकलो. बाबा बोलले. बाहेर नाही, कवटीच्या आत, दोन्ही कानांच्या मधोमध. भरदार. मागे वळून बघितलं. मागे सासऱ्यांची लॉची पुस्तकं.
पुन्हा म्हणून बघितलं. नको, पित्त होतं. पुन्हा बाबा.
सासरे केशवराव वकील. म्हणाले, जावईबापू स्वतःशीच भांडून राहिले का? प्राजक्ता त्यांना आत घेऊन गेली.
शास्त्रीय खुलासा: कान बंद केला की स्वतःचा आवाज हाडांतून येऊन आत घुमतो. सगळ्यांचंच होतं. यात बाबांचा काही प्रश्न नाही.

१५ एप्रिल
यश! आठ वाजता फोम लावला आणि काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. खिडकीतून दिसलं: ऑटो आला, आई गेटवर, हातात मिक्सरचं भांडं. ऑटो गेला तरी आई उभीच होती.
अट एवढीच, मी बोलायचं नाही. खायचंही नाही, चावताना बाबा चावतात. त्यांची कवळी वाजायची तसंच.
दिवसभर गप्प होतो. प्राजक्ताने दोनदा कपाळाला हात लावून बघितला.
विचारान्ती निष्कर्ष: कान बदलून उपयोग नाही. उगमच बदलावा. वकारला नवीन रेकॉर्डिंग करून द्यायचं. मीच द्यायचं. जुन्याची क्वालिटी तशीही बेकार आहे, मधे घरगुती मजकूर आहे. हा निर्णय पूर्णपणे तांत्रिक.

१६ एप्रिल
वकारला घरी बोलावलं. आई देवळात गेली होती, हा योगायोग. सगळं समजावलं, डिस्टॉर्शन वगैरे. वकारने मान खाली घातली. म्हणे जीवनभाऊ, सरांचा आवाज हाय हो, लोकं त्याच्यावरच बाहेर निंगतात. म्हटलं लोकांना चांगल्याची सवय लावावी लागते. तो जरा वेळ भोंगा पुसत बसला. मग म्हणे, तुमी घरचे हा. तुमी म्हणसान तसं.
भोंग्याला मागे एक लाल बटण. दाबलं आणि बोललो. कूलर आधीच बंद केला होता. कानात फोम घालूनच बोललो, मोठे कलाकार तसंच करतात. "आला आहे" म्हणणार होतो, तोंडातून "आलेला आहे" निघालं. डोक्यात बाबा बोलत होते, मी फक्त तोंड हलवत होतो असं वाटलं.
एका दमात झालं. वकारने टाळी दिली नाही.

१७ एप्रिल
नवीन आवाज गल्लीत फिरला. फोम न घालता ऐकला. भीती कशाची?
शेजारच्या कहकशाँभाभी म्हणाल्या, सर आज लय ताजे वाटून राहिले. म्हटलं भाभी, तो मी आहे. त्या म्हणाल्या, काही सांगता! क्लासमध्येही कोणी ओळखलं नाही, फक्त कूलर काहून काढला म्हणून पोट्टे नाराज. सगळ्यांच्या मते हुबेहूब बाबा.
आई कुकर घेऊन गेटवर गेली. कडी काढायला हात वर केला. ऐकलं. कडी तशीच ठेवून आत आली. म्हणाली, हा तं तू होय.
म्हटलं आई, सगळे म्हणतात बाबाच आहेत. म्हणाली, म्हणू दे सगळ्यांले. त्यांले मधात दम लागे.
मग तिने विचारलं, जुना कुठी हाय? म्हटलं वकारकडे असेल. आई म्हणाली, असन ना रे?

१८ एप्रिल, शुक्रवार
नमाजनंतर वकारच्या घरी गेलो. म्हटलं जुनं रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर टाकून दे. वकारने भोंगा समोर आणून ठेवला. म्हणे भाऊ, भोंग्यात एकच राहते ना. नवं भरलं का जुनं पुसून जाते. मले वाटलं तुमाले मालूम असन, तुमी फिजिक्सवाले.
म्हटलं हो, हो, मालूमच होतं. सहज विचारलं.
त्याने चहा दिला. प्यायलो. परत येताना राजापेठेत गाडी बाजूला घेतली आणि रडलो. चांगला हुंदके देऊन. हेल्मेट बंद होतं, त्यामुळे बाहेर गेलं नसावं. आत मात्र फार मोठ्याने घुमलं.

२० एप्रिल
आईला सांगितलं. बटण मीच दाबलं हेही. ती म्हणाली, बरं. मग म्हणाली, जेवून घे.
ओरडली असती तर बरं झालं असतं.

२१ एप्रिल
रडत बसणारा माणूस मी नाही. नवीन संकल्प: बाबांचा आवाज कुठेतरी असणारच. मोबाइल तपासला. बाबा व्हॉइस मेसेज कधी पाठवत नसत, टाइप करत, अनुस्वारासकट. शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या व्हिडिओत ते पहिल्या रांगेत बसलेत, गप्प. शेवटी आमच्या लग्नाची सीडी निघाली. त्यात बाबा बोलताना दिसतात! आवाज बारीक आहे एवढंच. म्हणजे प्रश्न फक्त योग्य इअरफोनचा. मिड्स भरपूर पाहिजेत.
अकोल्याच्या दुकानाला फोन केला. म्हटलं माणसाचा आवाज सगळ्यात पुढे येईल असा द्या. तो म्हणे, तुमीच ना ते, माणूस नको म्हणणारे? म्हटलं नाही, दुसरा कोणी असेल.

२६ एप्रिल, शनिवार
इअरफोन आला. मिड्स अप्रतिम. याहून चांगले मिड्स अमरावतीत कोणाच्या कानात नसतील.
आईला बोलावलं. एक टोक तिच्या कानात, एक माझ्या. सीडी लावली. मंडपाच्या दाराशी, बँडच्या शेजारी बाबा, फेटा बांधलेले, येणाऱ्यांना हात जोडताहेत. मग कॅमेऱ्याकडे वळतात आणि काहीतरी बोलतात. चांगलं लांब वाक्य. ओठ स्पष्ट दिसतात. मधे एकदा थांबतात, बहुतेक हसायला.
मागे नेलं, पुन्हा लावलं. आईने डोळे मिटले. म्हणाली, जरा मोठा कर. केला. पुन्हा लावलं. म्हणाली, अजून.
पूर्ण केला. क्लॅरिनेट वेगळं कळतं, ताशा वेगळा, खुळखुळासुद्धा वेगळा. बँड फार स्वच्छ ऐकू येतो.