हेस्टरबाईंचं अपेंडिक्स

नेपरव्हिल, अमेरिका,
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय हिमानी,

सप्रेम नमस्कार. आम्ही मजेत आहोत, तूही असशील असं धरून चालते. पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोन केला असता, पण फोनवर तू मधेच बोलतेस, आणि मला हे सलग सांगायचंय.

इकडे थंडी सुरू झाली. श्रीरंग रिटायर झाल्यापासून अंगणातली पानं गोळा करतो आणि शेजाऱ्यांच्या झाडाची पानं आपल्याकडेच का पडतात यावर मला लेक्चर देतो. प्रीताने जॉब बदलला. काय काम करतेस म्हणून विचारलं तर म्हणाली, "आई, इट्स कॉम्प्लिकेटेड." मी अजून लायब्ररीतच आहे, आणि पत्राचं कारणही तिथलंच.

उन्हाळ्यात आमच्याकडे तक्रारी यायला लागल्या. रहस्यकथांच्या पहिल्याच पानावर कुणीतरी पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवत होतं. मी पाळत ठेवली. निघाली एक ब्याऐंशी वर्षांची इंग्लिश बाई, लेकीकडे राहायला आलेली. मी म्हटलं, "पुस्तकात लिहायचं नसतं." ती म्हणाली, "माझ्या वयाच्या लोकांना शेवटापर्यंत थांबायची सक्ती का?"

कार्डावर नाव होतं हेस्टर पेनरोझ. प्रीताने फोनवर शोधून मला दाखवलं आणि मी खुर्चीतच बसले. अगं, केवढी मोठी नटी! बाप ग्रिम्झबीच्या बंदरावर मासे विकायचा. ही पंधराव्या वर्षी नाटक कंपनीत झाडू मारायला लागली, अठराव्या वर्षी मोलकरणीची दोन वाक्यं मिळाली, आणि तिशीत लंडनच्या रंगभूमीवर राण्या करू लागली. अकरा राण्या केल्या. नंतर सिनेमे, पुरस्कार, राजवाड्यातून 'डेम'चा किताब. मी तिला विचारलं, तर म्हणाली, "राणी सोपी असते. बसायला मिळतं."

मग ती रोज यायची. इथला चहा तिला पटत नाही. मी डब्याबरोबर आपला आलं घातलेला न्यायला लागले. तो पिऊन तिने खुन्यांची नावं लिहिणं बंद केलं, असं मी साहेबांना सांगितलं. खरं म्हणजे मी खोडरबर घेऊन बसायचे.

गेल्या शनिवारी लायब्ररीत तिचा कार्यक्रम होता. शेवटी राणी आणि दासीचा एक प्रवेश वाचायचा होता. दासी करणाऱ्या बाईंचा आवाज बसला, तर हेस्टरबाईंनी सरळ माझ्याकडे बोट दाखवलं. दासीला तीनच वाक्यं. मी हो म्हटलं. कार्यक्रमाला दहा मिनिटं उरली तेव्हा मी बायकांच्या टॉयलेटमध्ये कडी लावून बसले होते, अठ्ठावन्न वर्षांची बाई, पाय वर घेऊन, म्हणजे खालून दिसू नयेत.

बाहेर काठी वाजली. "यामिनी, तुझी चप्पल खाली पडलीय."

मग दाराबाहेरूनच तिने सांगितलं. चौतीस वर्षांची असताना, पहिल्या अंकानंतर, ती थिएटरच्या मागच्या दाराने पळाली होती. अंगावर राणीचा झगा, डोक्यावर मुकुट, तशीच बसमध्ये चढली. कंडक्टरने वाकून नमस्कार केला. कारण काही नाही, फक्त भीती. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगितलं, अपेंडिक्स. मैत्रीण द्राक्षं घेऊन भेटायला आली, तिलाही तेच. ही मैत्रीण मार्जोरी, त्या रात्री आयत्या वेळी हिच्या जागी उभी राहिली होती, अर्ध्या वाक्यांत अडकली, लोक हसले, आणि तिला पुन्हा मोठं काम मिळालं नाही.

"साठाव्या वर्षी माझं अपेंडिक्स खरंच सुजलं," ती म्हणाली. "पेपरवाल्यांना काय सांगू? एक तर आधीच काढलं होतं."

मला हसू आलं. मी विचारलं, "मार्जोरीला खरं कधी सांगितलंत?"

"सांगणार होते. दर नाताळात वाटायचं, यंदा सांगू. मग एका वर्षी नाताळ आला आणि ती नव्हती."

मी कडी काढली.

स्टेजवर माझं पहिलं वाक्य होतं, 'गाडी तयार आहे.' चाळीस माणसं समोर बघून इंग्रजी उडून गेलं आणि मी चक्क मराठीत म्हणाले, "गाडी तयार आहे, बाईसाहेब." हेस्टरबाई पापणीही न हलवता इंग्रजीत म्हणाल्या, "तर मग तिला थांबू दे." लोकांना वाटलं, तसंच बसवलंय. टाळ्या पडल्या. श्रीरंग घरी येऊन म्हणाला, "तुझा अ‍ॅक्सेंट चांगला होता."

आता हिमानी, बसून वाच.

सत्याऐंशी साली आपली एकांकिका फायनलला गेली आणि आदल्या दिवशी मला कावीळ झाली. मला कावीळ झाली नव्हती. हळदीचं पाणी डोळ्यांना लावून मी गादीवर पडले होते. संघ बाद झाला. जिंकलीस तर मुंबईला नाटक शिकायला पाठवतो म्हणालेल्या तुझ्या अण्णांनी तुला बी.एड.ला घातलं. आणि तू महिनाभर रोज सायकलवरून माझ्यासाठी उसाचा रस आणलास. मी तो प्यायले. सगळा.

भीती होती हे खरं. पण तालमीत तू बोलायला लागलीस की बाकीचे आपापली वाक्यं विसरून तुझ्याकडे बघत राहायचे. ते सगळ्यांसमोर व्हायला नको होतं मला, हेही खरं. हे मी श्रीरंगलाही कधी सांगितलेलं नाही. अडतीस वर्षं तू फोनवर माझ्या लिव्हरची चौकशी करतेस आणि मी 'बरं आहे' म्हणते.

बावीस डिसेंबरला साताऱ्यात पोचतेय, दादाकडे उतरेन. तेवीसला सकाळी दहाला तुझी बेल वाजवीन. दार उघड म्हणायला मला तोंड नाही. नाही उघडलंस तर मी जिन्यात बसेन, आणि तुला जे काय बोलायचंय ते दाराआडून बोल. या वेळी मी पळणार नाही.

जी तुझी मैत्रीण म्हणवून घेत आली ती,
यामिनी