बसून उठल्यावर

१८ नोव्हेंबर १९९६, सोमवार

आजही बसमधून सगळ्यात शेवटी उतरले. बॅगेत काहीतरी शोधल्याचं नाटक केलं, तोवर बाकीचे गेटच्या आत गेले. मग दांडा धरून उजवा पाय खाली टेकला. टाचेत आतल्या बाजूनं खिळा ठोकल्यासारखं! गेटपर्यंत लंगडले. कंट्रोल रूम येईपर्यंत ठीक.

नियम आता कळला आहे. चालत राहिलं की कमी होतं, बसून उठलं की जास्त. सुरतेतल्या लिंबायतच्या घरापासून हजीऱ्याच्या प्लँटपर्यंत बसमध्ये तासभर बसणं आहे. म्हणजे दिवसातलं सगळ्यात वाईट पाऊल सगळ्या प्लँटसमोर टाकायचं.

२१ नोव्हेंबर

टाकीच्या शिडीवर चढून पातळी मोजणारा लेव्हल ट्रान्समीटर तपासला. चढताना टाच हवेत असते, दुखत नाही. उतरताना दुखतं. खालचे लोक वर बघत असतात — बाई चढली म्हणून. आमच्या खात्यात शिडीवर चढणारी मी एकटीच. पाय दुखतो म्हणाले की दुसऱ्या दिवशी टेबल मिळेल. टेबलावरून परत शिडीवर कुणी पाठवत नाही.

घरी सांगायचा प्रश्न नाही. माझे डोंगर बंद करायला आई कारणाच्या शोधातच आहे.

आणि आमच्या ट्रेकिंगच्या ग्रुपमध्ये तर नाहीच. २१-२२ डिसेंबरला साल्हेरचा किल्ला. लीडर — मी. पहिल्यांदाच.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

हाडांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. फोटो काढला. टाचेच्या हाडाला पुढं चोच आल्यासारखं दिसतं. लहानसंच आहे. एवढ्याशा हाडाचा एवढा तमाशा!

‘बेन, एडीनुं हाडकुं वधी गयुं छे.’ मग माझी नोकरी विचारली, बूट विचारले. डोंगराचं मी आपणहून सांगितलं. ‘डुंगर बंध. त्रण महिना.’

इंजेक्शनचं विचारलं. म्हणाले, देतो, दुखणार नाही. पण मग कुठं थांबायचं ते पायालाच कळणार नाही.

नको म्हटलं. गेज काढून ठेवून बॉयलर चालवणाऱ्यातली मी नाही.

१ डिसेंबर, रविवार

जुन्या स्पंजच्या चपलेचा तुकडा कापून बुटात टाचेखाली घातला. मधोमध भोक पाडलं, म्हणजे दुखरी जागा अधांतरी राहते. बरा उपयोग झाला. रोज पायाखाली काचेची बाटली घेऊन मागं-पुढं लाटते. सकाळी पायरीच्या कडेवर उभं राहून पोटऱ्या ताणते.

बाटली खाटेखाली लपवते. आईनं पाहिलंच — ‘खाटखाले काय धुंडस?’ पेन पडलं म्हटलं. आई घरात अहिराणी बोलते, मी उत्तरं शाळेच्या मराठीत देते. खोटं बोलायला ती बरी पडते.

७ डिसेंबर

पंडितमामा येऊन गेले. आईचे मावसभाऊ. लग्नं जमवणं हा त्यांचा रिकामपणाचा उद्योग, आणि त्यांना रिकामपणच आहे. नंदुरबारचं एक स्थळ हातचं गेलं म्हणे. ‘पोरगी डोंगर-डोंगर हिंडस, पोरेसनासंगे’ — हे नंदुरबारपर्यंत पोचलं आहे.

आई माझ्याकडे न बघता पोळ्या लाटत राहिली. आप्पा म्हणाले, ‘मीच लई गऊ व्हतू तिले पहिलींदा.’ खरं आहे. दहा वर्षांची होते. लूमच्या कामाला आठ दिवस सुटी टाकून ते चैत्रात वणीच्या गडाला चालत निघाले, मी हट्ट केला. गड आला तेव्हा बाकीची पोरं झोपून गेली होती. मी आणखी वर काय आहे ते विचारत होते.

२० डिसेंबर, शुक्रवार

उद्या निघायचं. ग्रुपमधल्या निखिलचा फोन शेजाऱ्यांकडे आला. ‘सगळे फिट?’ सगळ्यांच्या वतीनं हो म्हटलं.

२४ डिसेंबर, मंगळवार

कालचा दिवस कामावर नाही. आजही नाही. का ते लिहिते.

शनिवारी ताहराबादहून जीपनं वाघांब्याला, तिथून सालोट्याच्या खिंडीत आणि मग साल्हेरच्या कोरीव पायऱ्या. चढ उत्तम गेला. मी सगळ्यांच्या पुढं. दुखत होतं, पण मागं ओसरत जाणारं दुखणं होतं ते. उन्हं कलताना शेवटच्या दरवाज्यातून वर पोचलो. अनुजानं माझ्या पाठीत थाप मारली — ‘लीडरबाई, आता निदान पाणी तरी प्या!’ ती शाळेत गणित शिकवते, ओरडूनच बोलते. मी हसले. माथ्यावरचं परशुरामाचं देऊळ सकाळी उजाडताना बघायचं, असं ठरवून गुहेत झोपलो.

चूक तिथं झाली. चढाचा हिशोब मी केला होता, झोपेचा केला नव्हता. थंडीत आठ तास आडवं पडल्यावर टाच काय करील, हे मला रोज बसमधून उतरताना कळत होतं की!

उठले आणि खालीच बसले. सगळ्यांसमोर. पुन्हा उठले, भिंत धरली. पाय टेकवेना. बॅटरीचे झोत माझ्यावर.

देवळात मी गेले नाही. ते सगळे वर गेले, मी गुहेच्या तोंडाशी पाय चोळत बसले. वरून त्यांचे आवाज येत होते.

उतरताना कोरीव पायऱ्या बसून उतरले. एकेक. अनुजानं माझी सॅक पोटावर घेतली. ‘लीडर बसून उतरते, बघा, नवीन टेक्निक!’ असं ओरडून बाकीच्यांना हसवलं, म्हणजे मला कुणी काही बोलू नये. खाली यायला इतका वेळ लागला की एसटी गेली. रात्र ताहराबादच्या स्टँडवर. नऊ जणांची सोमवारची नोकरी बुडाली.

निखिल ग्रुप सुरू झाल्यापासून आहे, चिडत नाही. चहा पिताना एवढंच म्हणाला — ‘पाय दुखतो हे चालतं गं. लपवलंस, ते चालत नाही. तू सांगितलं असतंस तर मी गुहेत मुक्कामच ठेवला नसता.’

 

२६ डिसेंबर

घरी कळलं. कळणारच होतं, संडासापर्यंत भिंत धरून जाणारी मुलगी लपत नाही.

 आई कुठून तरी रुईची पानं घेऊन आली. वीट तापवली, वर पान ठेवलं, ‘दाब’ म्हणाली. दाबलं. चर्रर्र! आईनं माझा घोटा धरून ठेवला होता, सोडला नाही. ‘कसाले जास माय तू तठे? काय ठेयेल शे?’ — रागावून नव्हे, खरंच विचारत होती. काय ठेवलं आहे तिथं? सांगता आलं असतं तर सांगितलं असतं.

आप्पा रात्रपाळीहून आले. ऐकून घेतलं. ‘पाय पुरा बरा होई तवलोंग डोंगर बंद.’ मी हो म्हटलं. आप्पांना दिलेला शब्द मी मोडत नाही. त्यांनी माझ्यासाठी बऱ्याच लोकांची तोंडं बंद केली आहेत.

१४ जानेवारी १९९७

उत्तरायण. सगळी गल्ली गच्च्यांवर. ‘काप्यो छे!’च्या आरोळ्या. मी खाली, पाय बादलीत. एक कापलेला पतंग खिडकीच्या गजात अडकला. काढला नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

काही नाही. तेच. पाय म्हणजे सगळा दिवस झाला आहे. कुठं उभं राहायचं, कुठं टेकायचं, कोण बघतंय. डोंगर आठवतसुद्धा नाही हल्ली. हे जास्त वाईट.

सुरत सपाट आहे. इतकी सपाट की चढ म्हणजे फक्त नदीवरचा पूल.

२ मार्च

सकाळी उठून मोरीपर्यंत गेले, दात घासले, आणि मग लक्षात आलं — दुखलं नाही!

लगेच परत खाटेवर बसले. पाच मिनिटं बसून पुन्हा उठले. थोडंसं. कोमट.

एका रीडिंगवर विश्वास ठेवायचा नाही. पण दिवसभर कुणालाही उगाच चांगलं बोलत होते.

२३ मार्च

पुलावर गेले. दोन्ही बाजूंनी, दोनदा. संध्याकाळी मुद्दाम बसून उठले. काही नाही. आप्पांना सांगितलं. म्हणाले, ‘आखो एक महिना देख.’ बरोबर आहे. मीही तेच म्हटलं असतं.

६ एप्रिल, रविवार

निखिल आणि अनुजा घरी आले होते. आईनं चहा दिला, बसली नाही. निखिल म्हणाला, ‘ऑक्टोबरात पुन्हा साल्हेर. लीडर तूच. पण या वेळी पायाचा रिपोर्ट आधी.’ अनुजा — ‘देवळात तुला खांद्यावर नेऊ, पण नेऊच!’

आप्पा ऐकत होते. ‘पाय बरा ऱ्हायना तं जाऊ दे’ म्हणाले. म्हणजे परवानगी.

ती दोघं गेल्यावर मी मोरीत जाऊन तोंड धुतलं. उगीच.

१९ एप्रिल

नंदुरबारचं स्थळ परत आलं आहे. आईनंच केलं. पंडितमामांना सांगितलं, ‘आते तिना पाय दुखस, डोंगर सोडी दिधा तिनी.’ डोंगराची बदनामी पुसायला पाय पुढं केला! मामा चपापले — पायात खोट? मग आईनं सारवासारव केली, पाय बरा झाला म्हणून. सगळं नंदुरबारला पोचलं. मुलाच्या आत्या स्वतः येणार आहेत — मुलगी चालताना बघायला.

मुलगा गोपाळ. पाटबंधारे खात्यात क्लार्क. आत्यानं वाढवलेला, सुंदराबाईंनी. घरात शब्द त्यांचाच.

आईची योजना तयार आहे. ते यायच्या आधी तासभर मी स्वयंपाकघरात उभं राहायचं. पाय गरम ठेवायचा. ‘बठू नको बरं.’ इतक्या महिन्यांत आईनं दुखण्याचा नियम माझ्याइतकाच पाठ केला आहे.

२२ एप्रिल

गोपाळ एकटाच आला होता. मामांबरोबर, ‘सहज’. गच्चीवर बोलायला पाठवलं. सभ्य माणूस आहे. चष्मा सारखा पुसतो.

मी नोकरीचं विचारलं. म्हणाला, ‘नोकरी करा की. नंदुरबारला शाळेत, कुठं बँकेत... हजीरा लांब पडेल ना?’

डोंगराचं विचारलं.

‘जाऊ की! सापुताऱ्याला. बोटिंग आहे तिथं.’

यात वाईट काय आहे? काहीच नाही. म्हणून तर राग येत नाही, आणि म्हणून नाही म्हणायला कारण सापडत नाही. आईला नुसतं ‘नको’ सांगून पाहिलं. ‘नको कसाले? काना शे का, लंगडा शे का?’ आप्पांना सांगायला गेले. त्यांनी लग्नाचा विषय आला की नेहमी करतात तसं केलं — ‘ते तुनी मायले ईचार.’

२६ एप्रिल

उद्या येणार. सरळ चालले तर जमलं. मे महिन्यात लग्न.

लंगडले तर मोडेल. पण आप्पा खोलीत असणार. पाय बरा नाही, तर ऑक्टोबर नाही. साल्हेर नाही. कदाचित कधीच नाही.

दोन्हीकडे डोंगर जातो. एकीकडे मी उरते.

२७ एप्रिल, रविवार

पोहे, चहा. सुंदराबाई बारीक, ताठ, नाकात मोठी नथ. माझं शिक्षण विचारलं, पगार विचारला, भाकरी येते का विचारलं. मग — ‘चाल बरं बेटा, त्या दारलोंग.’

मी उठले. पाय मोकळा होता, कुठेही काही नाही. चालले. लंगडत.

दारापाशी वळले. ‘परत ये.’ आणि एक क्षण आठवेना — कोणता पाय! महिनोन्‌महिने लपवलेला पाय, आणि आठवेना. उजवा. उजव्यावर लंगडत परत आले. आई ट्रे घेऊन तशीच आत गेली. गोपाळ चष्मा पुसत होता. सुंदराबाई माझ्या पायाकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

पाहुणे गेल्यावर आप्पांनी विचारलं, ‘परत दुखस का?’

हो म्हटलं.

‘मंग आक्टोबर ऱ्हाऊ दे बेटा.’ आणि खाली बसून माझा पाय हातात घेतला. कुठं दुखतं ते बोटानं दाबून बघायला लागले. दाबलं त्या प्रत्येक जागी मी ‘इथं’ म्हटलं.

३० एप्रिल, बुधवार

होकार आला.

पंडितमामा पेढे घेऊनच आले. सुंदराबाईंचा निरोप: पाय असा शे ते बेसच. शिडी नही, डोंगर नही. पोरगी घर धरीसन ऱ्हाई.

आई रडते आहे, आनंदानं. आप्पा पाळीवर आहेत, त्यांना अजून कळलेलं नाही. ते आले की त्यांना चालून दाखवणार आहे. सरळ.