कुंदाच्या बांगडीचा लाल रंग

मंगळवार, ११ नोव्हेंबर, संध्याकाळ

धंतोलीच्या डॉक्टरांनी माझ्या पाठीवरच्या तिळाचे वर्षभराचे फोटो साध्या फाइलींत मागवलेत; कॅमेऱ्याच्या खास फाइली त्यांच्याकडे उघडत नाहीत. कॅमेऱ्यातले सगळे फोटो एकगठ्ठा बदलून देणारं सॉफ्टवेअर निवडायचं, एवढंच काम. पण जुनं आणि नवं, दोन्ही वेगवेगळा तीळ दाखवताहेत.

जुन्या सॉफ्टवेअरमध्ये तीळ फिकट तपकिरी दिसतो, दर महिन्याला तसाच. नव्यात या महिन्याचा जवळजवळ काळा. म्हणे कॅमेरा फोटोसोबत रंगांची माहितीही ठेवतो आणि जुनं ती वाचतच नाही. मग वर्षभर वाचल्याचं सोंग कशाला केलं मेल्यानं?

धाकटी बहीण कुंदा म्हणाली, "काहून घाबरून राहिली वं ताई? जुन्यात चांगलं दिसते, तेच पाठव."

"डॉक्टरांना तीळ दाखवायचाय, स्थळाला मुलगी नाही!"

बोलले खरी, पण मन तिच्याच बाजूला. फिकटच खरा असला तर?

फोटो कुंदाच काढते. एका हातानं माझा ब्लाउज बाजूला धरते, त्यामुळे तिची लाखेची बांगडी प्रत्येक फोटोत येते. आज ती काढून मागितली आणि संगणकाच्या पडद्यावर फोटोतल्या बांगडीशेजारी धरली. जुन्यात बांगडी मळकट, विटलेली. नव्यात हातातल्यासारखीच लालभडक.

म्हणजे तीळही नव्यातलाच खरा.

नव्यातूनच सगळे बदलले आणि पाठवले. बांगडी अजून टेबलावर आहे. कुंदा चहा करून गेली, पण बांगडी काही तिनं परत हातात घातली नाही.