शनीच्या सात कड्यांबाबत शेवटचं सांगणं

लिहून ठेवणार मी, तुमिराह, वय अंदाजे एक्याऐंशी, कस्मुरी नावाच्या कोळ्याची विधवा, राहणार पाचितानचा किनारा. मला अक्षर येत नाही, पण शुद्ध जागेवर आहे आणि जीभ तर त्याहून शाबूत. हे मी राजीखुशीने सांगत असून कोणाचाही दबाव नाही. दबाव आणणारी सून बाजारात गेली आहे. लिहून घेणार गावकचेरीच्या सुलास्त्रीबाई.

कलम एक. मिरची वाटायचा दगडी खल मुलगी लास्मीला. ती तिखट फार कमी घालते. खल तिला सुधारेल. तोवर जावयाने धीर धरावा.

कलम दोन. सोन्याच्या कुड्या सुनेला. तिने त्या आधीच घातल्या आहेत, तरी रीतसर लिहावं.

कलम तीन. दुर्बीण. नवऱ्याने ती जत्रेतून आणली. खोक्यावर शनी ताटाएवढा, खाली "सहाशे पट मोठं". विकणारा म्हणाला होता, "चंद्रावर मुंगी चालली तरी पाय मोजाल." पहिल्याच संध्याकाळी नवऱ्याने ती समुद्राकडे लावली आणि ओरडत सुटला, "वागिमानची होडी उलटली." अकरा होड्या निघाल्या, सर्वांत पुढे त्याची. वागिमान सरळ होडीत बसून भात खात होते. म्हणाले, "कस्मुरीदादा, जेवायला आलात होय?"

त्या नळीत सगळंच उलटं दिसतं, हे खोक्यावर नव्हतं.

गेलेली इज्जत भरून काढायला नवऱ्याने शनीची कडी पाहिल्याचं सांगितलं. आधी तीन, लास्मीच्या लग्नापर्यंत सात झाली. मरताना मला म्हणाला, "एकही दिसलं नाही गं. नुसता डाग होता."

सुलास्त्रीबाई विचारतात, "आजी, हेही लिहू?" लिही बाई, त्यासाठीच तुला बोलावलंय.

कलम चार. मुलगा सुगेंग दुर्बिणी विकतो. मोबाइलवर त्याची जाहिरात: "माझ्या दिवंगत वडिलांनी सात कडी मोजली. तुम्हीही मोजा." ती वाचून सुपार्मिन मास्तरांनी एक घेतली आणि मला विचारायला आले, "आजी, ती कडी कुठून बघायची?" मी मेलेल्या माणसाची लाज राखली. म्हटलं, "पेरूच्या झाडाखालून." मास्तर तीन रात्री फांद्यांकडे बघत डासांना जेवू घालत होते. सबब पेरूचं झाड, फळांसकट, मास्तरांना.

कलम पाच. घर आणि दुकान सुगेंगला, पण मी गेल्यावर चाळिसाव्या दिवशी होणाऱ्या प्रार्थनेआधी त्याने ती जाहिरात काढावी आणि खालचा मजकूर लावावा. न लावल्यास सगळं लास्मीला. जुनी दुर्बीण दुकानाच्या दारात ठेवावी. गिऱ्हाइकाने आधी बघावं, मग घ्यावं. सुगेंग म्हणाला, "आई, खरं लिहिलं तर घेणार कोण?" म्हटलं, "ज्याला चंद्र बघायचाय तो."

मजकूर: "यातून चंद्र दिसतो, खड्ड्यांसकट, आणि तेवढा पुरतो. शनीचा डाग दिसतो. बाकी सगळं उलटं. कोणी बुडताना दिसला तर डोळा बाजूला घेऊन पुन्हा बघा. तरी शंका राहिली तर होडी काढा. कस्मुरी यांनी काढली होती."

वागिमान यांना काही नाही, कारण ते साक्षीदार आहेत. शिवाय पंचवीस वर्षं हसले, तेवढं पुरे. मजकूर वाचून दाखवला तेव्हा मात्र हसले नाहीत.

डाव्या अंगठ्याचा ठसा: तुमिराह
साक्षीदार: १. वागिमान, न बुडालेले (सही) २. मुर्तिनी, सुईण (सही)
ठिकाण: माझीच ओसरी, पाचितान. दिनांक १२ ऑगस्ट २०१९.